कुमारवय, शाळा आणि ऐकणारा माणूस

कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने शाळेतल्या मुलांविषयी बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. आमच्या दृष्टीने ही दोन कामे फारशी निराळी नाहीत. जिनिंगमधला हमाल असो, प्रेसवर गठाणी बांधणारा मजूर असो की वणीकडच्या कोळसाखाणीतला कामगार असो, तो आमच्याकडे येतो हजेरीची, बोनसची किंवा ग्रॅच्युइटीची तक्रार घेऊन. पण चहा येईपर्यंत तो बोलू लागतो आपल्या मुलाविषयी. ‘‘पोट्टं नववीत गेलं अन् घरात बोलतच नाही, भाऊ.’’ ‘‘पोरगी हुशार होती, आता शाळेचं नाव काढलं का रडते.’’ पगाराच्या तक्रारीला कायदा आहे, कामगार आयुक्त आहे, न्यायालय आहे. या तक्रारीला कोणते कार्यालय आहे? हा प्रश्न आम्हाला पुष्कळ वर्षे सतावीत आला आहे. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले आणि जे समजले, ते आपल्यापुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही मानसशास्त्राचे पंडित नाही. आमचे शिक्षण थोडे शाळेत आणि पुष्कळसे वाचनालयाच्या बाकावर झाले. त्याचा एक फायदा असा की, स्वतःला न समजलेला शब्द दुसऱ्यापुढे टाकायचा नाही, ही सवय लागली. तेव्हा शास्त्रज्ञांनी जे मोठ्या शब्दांत सांगितले आहे, ते येथे साध्या शब्दांत मांडण्याचा आमचा प्रयत्न राहील.

पंधरा हजार तासांचा हिशेब

कामगाराला तासांचा हिशेब लवकर कळतो, म्हणून तेथूनच सुरुवात करू. १९७९ साली मायकेल रटर या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बारा माध्यमिक शाळांचा अभ्यास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पुस्तकाचे नावच ‘पंधरा हजार तास’ असे होते. पाचव्या वर्षापासून शाळा सोडीपर्यंत मूल साधारण इतके तास शाळेत काढते, असा त्यांचा हिशेब. या शाळा गरीब वस्तीतल्याच होत्या. तरीही काही शाळांत मुलांची हजेरी चांगली, वर्तन चांगले आणि परीक्षेचा निकाल चांगला. काही शाळांत तिन्ही गोष्टी वाईट. मुले शाळेत येताना कशी होती हे ध्यानात घेऊनही हा फरक उरत होता. इमारत जुनी की नवी, शाळा लहान की मोठी, यावरून त्याचा उलगडा होत नव्हता. उलगडा होत होता तो शाळेच्या रोजच्या वागणुकीवरून. शिक्षक वेळेवर वर्गात येतात का, चांगल्या कामाचे कौतुक होते का, मुलांवर काही जबाबदारी टाकली जाते का, अडचण आली तर मूल शिक्षकाकडे जाऊ शकते का, या गोष्टींवरून.

याला त्यांनी शाळेचे वातावरण म्हटले. गिरणीत किंवा कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. एकाच मालाचे, एकाच पगाराचे दोन कारखाने असतात. एका ठिकाणी माणसे टिकतात, दुसऱ्या ठिकाणी दर महिन्याला नवे चेहरे दिसतात. यंत्रे तीच असतात. मग फरक कशात असतो? मुकादम कसा बोलतो आणि तक्रार कोण ऐकतो, यात.

वय कसे असते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे दहा ते एकोणीस ही कुमारवयाची वर्षे होत. या वर्षांत शरीर बदलते हे सर्वांना दिसते. मेंदूही बदलतो हे सहसा दिसत नाही. राग, आनंद, भीती, लाज या भावनांचा जोर आधी वाढतो. त्यांना आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग मात्र सावकाश तयार होतो. त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. जणू बैलांची जोडी दमदार झाली आहे आणि कासरा अजून वळायचाच आहे. या वयात सोबत्यांच्या मताला फार किंमत येते. वर्गात चारचौघांत झालेला एक अपमान मोठ्या माणसाला क्षुल्लक वाटेल. चौदा वर्षांच्या मुलाला तो महिनाभर झोपू देत नाही. झोपेचे घड्याळही या वयात पुढे सरकते, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी डोळा उघडत नाही. बाप त्याला आळशी म्हणतो. वस्तुतः त्यात आळसापेक्षा शरीराचाच भाग अधिक असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेत रोनाल्ड केसलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, मनाच्या ज्या आजारांनी माणूस पुढे आयुष्यभर त्रासतो, त्यांपैकी निम्म्या आजारांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे आपण ज्याला ‘या वयात असेच चालायचे’ म्हणून सोडून देतो, त्यातले काही तसेच सोडण्याजोगे नसते.

आता हे वय आपल्या जिल्ह्यात आणून पाहा. यवतमाळच्या सोळा तालुक्यांत अशी कितीतरी गावे आहेत की जेथली शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. पुढे मुलगी मानव विकासच्या बसने जाणार. बस चुकली की शाळा चुकली. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव भागातले कोलाम किंवा गोंड मूल घरात कोलामी किंवा गोंडी बोलते, दिग्रस-पुसदकडचे मूल तांड्यावरची बंजारा बोली बोलते. आणि शाळेत ते तोंड उघडते तेव्हा त्याच्या मराठीला वर्ग हसतो. आश्रमशाळेतले मूल तर सहा-सात वर्षांचे असतानाच आईपासून दूर गेलेले असते. दिवाळी आली की कापूस वेचणीला येतो. वेचणीची मजुरी किलोवर, तेव्हा घरातल्या जास्तीच्या दोन हातांना भाव येतो. काही तांडे कामासाठी जिल्ह्याबाहेर पडतात आणि मुले एक तर बरोबर जातात, नाही तर म्हाताऱ्या आजीजवळ राहतात. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना साहाय्य म्हणून ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. तो का होता हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घराची बातमी छापून आली, मदतीचा धनादेशही कधी आला, कधी आला नाही. पण त्या घरातले आठवीतले मूल तेराव्यानंतर शाळेत जाऊन बाकावर बसले, तेव्हा त्याच्याशी कोण काय बोलले, याची नोंद कोठेही नाही.

काळजी शिक्षणाला कशी अडवते

कोणी म्हणेल, दुःख आहे हे खरे. पण शाळेचे काम शिकवण्याचे, दुःखाचे गाठोडे सोडवण्याचे नव्हे. हा आक्षेप वरवर बरोबर दिसतो. परंतु शिकणे आणि काळजी ही दोन्ही कामे एकाच डोक्यात चालतात.

माणसाच्या मनाला एका वेळी थोड्याच गोष्टी हाताळता येतात. तोंडी हिशेब करताना आपण हातचा एक ध्यानात ठेवतो, ती ही जागा. ती फार लहान आहे. ज्या मुलाच्या मनात ‘आज घरी भांडण होईल का’, ‘मधल्या सुट्टीत ते तिघे पुन्हा गाठतील का’, ‘सरांनी विचारले तर सगळे हसतील का’ हे चालू असते, त्याची ती जागा आधीच भरलेली असते. पाठीवर एक पोते असलेल्या हमालाच्या पाठीवर दुसरे टाकावे आणि तो वाकला की त्याला अशक्त म्हणावे, तसा हा प्रकार. मूल मंद नसते. त्याची पाठ अडकलेली असते.

उलट बाजूही आहे. न समजण्यातूनच लाज तयार होते. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीने २०२३ साली देशातल्या २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत चौदा ते अठरा वयाच्या ३४,७४५ मुलामुलींना घरी जाऊन तपासले. महाराष्ट्रातून त्यासाठी पैनगंगेपलीकडचा आपला शेजारी नांदेड जिल्हा घेतला होता. एकंदर ८६.८ टक्के मुले कोठे ना कोठे शिकत होती, ही समाधानाची गोष्ट. पण सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पुस्तकाचा मजकूर सरळ वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिक मुलांना जमले नाही. दहावीच्या वर्गात बसून दुसरीचे वाचता न येणे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करा. तो मुलगा रोज पाच-सहा तास आपले अज्ञान लपवण्याचे काम करतो. मागचा बाक, दंगा, गैरहजेरी ही त्याची लपण्याची साधने आहेत. आपण शिक्षा करतो ती साधनांना. कारण तसेच राहते.

म्हणून नाते आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. ज्या शिक्षकाला ‘सर, मला हे येत नाही’ असे न भिता सांगता येते, त्याच्याच वर्गात मूल शिकते. जोसेफ डुर्लक व सहकाऱ्यांनी २०११ साली २१३ शालेय उपक्रमांचे निष्कर्ष एकत्र केले. त्यांत २,७०,००० हून अधिक विद्यार्थी होते, बहुतेक अमेरिकेतले. भावना ओळखणे, मैत्री करणे, भांडण मिटवणे अशा गोष्टी ज्या शाळांनी पद्धतशीर शिकवल्या, तेथील मुले वागणुकीत तर सुधारलीच, पण अभ्यासातही शंभरांच्या रांगेत सरासरी अकरा जागा पुढे गेली.

गोव्यापासून नालंदापर्यंत

अमेरिकेचे सोडा, आपल्याकडे काय, असा प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडचे उत्तर गोव्यातून सुरू होते. तेथे १९९६ साली ‘संगाथ’ ही संस्था स्थापन झाली. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. देशात मनाचे डॉक्टर मोजके, आणि त्रासलेली माणसे अगणित. तेव्हा डॉक्टरची वाट न पाहता साध्या माणसाला थोडे प्रशिक्षण देऊन हे काम त्याच्याकडून करून घेता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. गोव्यातल्या काही शाळांत त्यांनी अशी प्रशिक्षित माणसे नेमून पाहिली. हे काम शाळांना मानवते आणि चालवता येते, असे त्यातून दिसले.

मग मोठी परीक्षा बिहारमध्ये झाली. तेथील सरकारच्या सहकार्याने नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत २०१५ पासून हा प्रयोग चालला. सचिन शिंदे, विक्रम पटेल व इतरांनी त्याचा वृत्तांत २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. नववीची तेरा हजारांहून अधिक मुले त्यात होती. शाळांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट पाडले. पहिल्या गटात प्रत्येक शाळेला याच कामासाठी एक वेगळा माणूस दिला. तो डॉक्टर नव्हता, प्रशिक्षण दिलेला साधा कार्यकर्ता होता, आणि त्याला ‘सेहर मित्र’ म्हणत. दुसऱ्या गटात हेच काम, याच पद्धतीने, शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सोपवले. तिसऱ्या गटात सरकारचा नेहमीचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम तेवढा चालू राहिला.

काम काय होते? त्यात अवघड असे काहीच नव्हते. प्रार्थनेच्या वेळी सर्वांपुढे मोकळी चर्चा, भिंतीवरचे हस्तलिखित मासिक, स्पर्धा, मुलांचे गट, शिक्षकांसाठी कार्यशाळा; मुलांनी मनातले लिहून टाकावे म्हणून एक पेटी; आणि ज्याला एकट्याने बोलायचे असेल त्याला बोलण्याची जागा. विषयही रोजचेच: स्वच्छता, मारामारी व दांडगाई, मुलगा-मुलगी भेद, वयात येण्याविषयीची माहिती, मनावरचा ताण, अभ्यासाची पद्धत.

आठ महिन्यांनंतर मोजणी झाली. शाळेतली नाती, शाळेविषयी आपलेपणा, शाळेच्या कामात सहभाग आणि अभ्यासाविषयीची ओढ, या सर्वांचे मिळून शाळेचे वातावरण कसे आहे ते मुलांना विचारले. ज्या शाळांत वेगळा माणूस होता, तेथे वातावरण स्पष्टपणे सुधारले. मुलांमधली उदासीनता कमी झाली, दांडगाई कमी झाली, मार देणे आणि मार खाणे दोन्ही कमी झाले, मुलगे-मुली समान आहेत असे मानणे वाढले. आणि ज्या शाळांत हेच काम शिक्षकाकडे दिले होते, तेथे? तेथे नेहमीच्या शाळांहून काहीही वेगळे घडले नाही. प्रयोग आणखी एक वर्ष चालला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या वृत्तांतात पहिल्या गटातला फायदा आणखी वाढलेला दिसला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या प्रयोगाने परीक्षेतले मार्क वाढले असा दावा संशोधकांनी केलेला नाही. त्यांनी मोजले ते वातावरण, मनाची स्थिती आणि मारहाण. पण ज्या शाळेत मूल भीत नाही आणि उदास नाही, तेथे शिकण्याची जमीन नांगरलेली असते. पेरणी अर्थात शिक्षकालाच करायची आहे.

शिक्षक का हरले?

या निष्कर्षावरून कोणी शिक्षकांना दोष देईल, तर तो अन्याय होईल. कामगार चळवळीत आम्ही एक साधा नियम शिकलो: ज्या कामाला वेगळा माणूस नाही आणि वेगळा वेळ नाही, ते काम कागदावरच होते. आपल्या शिक्षकाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. शाळेत तास घ्यायचे, दुपारच्या खिचडीचा हिशेब ठेवायचा, मोबाइलवर माहिती भरायची, निवडणूक आली की मतदारयाद्या घेऊन हिंडायचे, जनगणना आली की घरे मोजायची. शिक्षण हक्काच्या कायद्याने, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या कलम २७ ने, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी सोडून इतर बिगरशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत असे ठरवले. पण एवढी सोडली तरी ओझे थोडे नाही. त्यावर ‘आणि मुलांचे मनही सांभाळा’ असा हुकूम आला, तर तो माणूस एक रजिस्टर आणखी भरील, एवढेच.

दुसरे कारण याहून खोल आहे. जो मार्क देतो, हजेरी घेतो, वेळेला छडीही उगारतो, त्याच्यापुढे मूल मन कसे मोकळे करील? आमच्याकडे येणारा कामगार मुकादमाला घरची गोष्ट सांगत नाही, मुकादम भला असला तरी. कारण उद्या हजेरी त्याच्याच हातात आहे. मुलाचेही तसेच आहे. कलम १७ ने शाळेत मारणे आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली, तरी भीती कलमाने जात नाही. शिक्षकाचे प्रेम हवेच. पण शिक्षक नसलेला एक कान शाळेत हवा.

इंग्लंडमध्येही असाच एक धडा मिळाला. तेथे ऐंशीहून अधिक शाळांतल्या आठ हजारांवर मुलांना वर्गशिक्षकांकडून मन शांत ठेवण्याचे पाठ देण्यात आले. २०२२ साली निष्कर्ष आले: नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्याचा काही फायदा झाला नाही. म्हणजे मुलांना ‘शांत राहा’ असे शिकवणे पुरत नाही. ज्यामुळे ते अशांत आहेत ते ऐकून घेणारा आणि त्यावर काही करणारा माणूस लागतो.

पेटीचेही तसेच आहे. आता पुष्कळ शाळांत तक्रारपेटी लावलेली असते. आम्ही कारखान्यांतल्या अशा पेट्या पाहिल्या आहेत, कुलूप गंजलेले आणि आत कोळ्याचे जाळे. पेटी उघडतो कोण, किती दिवसांनी, आणि उत्तर देतो का, यावर सारे आहे. ठरल्या दिवशी कोणी ती उघडतो आणि उत्तर देतो हे मुलांनी पाहिले, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या वाढतात. उत्तर मिळाले नाही तर मुले एकदाच लिहितात.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: आमच्या वेळी हे काही नव्हते, तरी आम्ही शिकलो. शिकलो ते आपण येथे बसलो आहोत. जे गळाले ते येथे नाहीत. ते हमालीवर आहेत, वेचणीला आहेत, आणि काही तर हयातही नाहीत. टिकलेल्यांना मोजून गळलेल्यांचा हिशेब लागत नाही.

दुसरा आक्षेप: बिहारचे चालले ते विदर्भात कशावरून चालेल? याचे उत्तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तेथील तीस खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. मुले नव्हेत, मोठी माणसे. पण माती हीच, कर्ज हेच, आणि ‘मनाचं काय घेऊन बसले’ म्हणणारी माणसेही हीच. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघर बोलणे सुरू केले. उदासीनतेने ग्रासलेल्यांपैकी आधी शंभरांत जेमतेम चार जण उपचारासाठी कोणाकडे जात होते. दीड वर्षाने हे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. हा वृत्तांत २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा आपली माणसे बोलत नाहीत, हे खरे नव्हे. कोणी विचारीत नव्हते.

तिसरा आक्षेप मुलींच्या बाबतीत येतो: शहाणपण शिकवले तर पोरी हाताबाहेर जातील. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा वर्ग चालवला. रोज संध्याकाळी तासभर, शिकवणाऱ्या गावातल्याच, निदान सातवी झालेल्या स्त्रिया. विषय आरोग्याचे, हक्कांचे, बँकेचे, पोस्टाचे, आपले म्हणणे मांडण्याचे. काही वर्षांत त्या गावांतले मुलींच्या लग्नाचे मध्यम वय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष तुम्हाला थोडे वाटेल. त्या एका वर्षात दहावी होते, अंगात रक्त येते, आणि पहिले बाळंतपण एका वर्षाने पुढे जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. पाच मुलींमागे एकीहून अधिक. हातून जे जात आहे ते हे.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. पण आपण मागतो आहोत ते रुग्णालय नव्हे, यंत्र नव्हे. एका शाळेमागे एक प्रशिक्षित माणूस. नवी संगणकखोली बांधताना जी संस्था हात आखडत नाही, तिला हा पगार जड वाटावा, हे पटण्यासारखे नाही.

आपण काय करावे?

आता कायदाही आपल्या बाजूला आला आहे. विशाखापट्टणम येथे शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि योग्य तो कायदा होईपर्यंत ती बंधनकारक ठरवली. त्यांत असे आहे की, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने मुलांच्या मनःस्वास्थ्याचे प्रशिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. कामगार कायद्यांच्या अनुभवावरून आम्ही एवढे सांगू शकतो की, हुकूम निघाल्याने हक्क मिळत नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. ते वेतन पदरात पाडण्यासाठी संघटना लागली.

तेव्हा आपल्या गावच्या शाळेत जा. आठवीपर्यंतच्या सरकारी व अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती असते, आणि कायद्याप्रमाणे तिच्यात तीनचतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात. हायस्कुलात पालक-शिक्षक संघ असतो. तेथे भांडण न करता चार प्रश्न विचारा. मुलाला काही सांगायचे असेल तर या शाळेत तो कोणाकडे जातो? त्या माणसाला त्यासाठी आठवड्यात किती तास मोकळे दिले आहेत? तक्रारपेटी शेवटी केव्हा उघडली आणि काय उत्तर दिले? सलग आठ दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी कोण जाते? उत्तरे मिळाली नाहीत तर ती लिहून मागा, सही घ्या, आणि पुढच्या सभेला पुन्हा विचारा. मागणीपत्र असेच तयार होते. यवतमाळात समाजकार्याचे शिक्षण घेतलेली तरुण मुले-मुली आहेत आणि कामाच्या शोधात आहेत. शाळांना माणसे मिळत नाहीत, ही सबब चालण्यासारखी नाही.

तोपर्यंत घरात करण्यासारखेही काही आहे. मुलगा अबोल झाला, झोप उडाली, जेवण तुटले, जुने मित्र सुटले, मरणाच्या गोष्टी करू लागला, तर त्याला रागावू नये आणि थट्टेवारी नेऊ नये. सरळ विचारावे आणि मध्येच उपदेश न करता ऐकावे. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहेत. दुसरा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाला. आपल्या शहरातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे. तेथे जाण्यात लाज नाही.

कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसाला बोंडाची पारख असते. कोणते पान लाल पडले, कोणते बोंड किडले, हे तो बांधावरून ओळखतो, कारण तो रोज शेतात जातो आणि झाडाकडे पाहतो. आपल्या शाळांत वर्षाकाठी किती मुले कोमेजतात हे आपल्याला कळत नाही, कारण तेवढ्यासाठी नेमलेला माणूसच तेथे नाही. तो माणूस मागण्याचे काम आपले आहे. शाळा जूनमध्ये उघडतील. पालकसभेची पहिली नोटीस येईल तेव्हा एकट्याने जाऊ नका, चार शेजारी बरोबर घ्या.